फॉलोअर्सचा रकाना अर्जात नको : विद्यापीठांच्या संशोधन कक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, संचालक (संशोधन व विकास कक्ष) आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालये

विषय : शिक्षकांच्या मूल्यमापनात समाजमाध्यमांवरील आकडे धरण्याबाबत

महोदय / महोदया,

जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणुका व पदोन्नतीच्या नियमांचा जो मसुदा काढला, त्यात एपीआयची (शिक्षकाच्या शैक्षणिक कामाला गुण देण्याची) पद्धत बाजूला ठेवून ‘उल्लेखनीय योगदाना’ची नऊ क्षेत्रे सुचवली होती. भारतीय भाषांतून अध्यापन, समाजाशी जोडलेले काम, डिजिटल साहित्यनिर्मिती अशा गोष्टी त्यात आल्या. दिशा चांगली आहे. पण ‘समाजाशी जोडलेले काम मोजायचे कसे’ हा प्रश्न समितीपुढे आला की सगळ्यांत सोपे उत्तर आधी सुचते : शिक्षकाचे फॉलोअर्स किती, पोस्टना प्रतिसाद किती, निबंधाचा ऑल्टमेट्रिक स्कोर (बातम्या, ब्लॉग, समाजमाध्यमे अशा ठिकाणच्या उल्लेखांवरून काढलेला आकडा) किती. एक रकाना वाढवला की काम झाले.

आम्ही ग्रंथालयांत आणि संशोधन-मापनाच्या क्षेत्रात काम करणारे लोक आहोत. हे आकडे काढणे, तपासणे आणि त्यांतल्या चुका दुरुस्त करणे हे आमचे रोजचे काम. आमची विनंती अशी : हा आकडा मूल्यमापनाच्या अर्जात घेऊ नका. त्याऐवजी संशोधन कुठे, कोणी आणि कशासाठी वापरले याचा पुरावा मागा, आणि तो पुरावा नीट ठेवायला ग्रंथालयाला माणूस द्या. समाजमाध्यमांना आमचा विरोध नाही. संशोधकाने लोकांशी बोलावे, मराठीत बोलावे, हे आम्हालाही हवेच आहे. त्या बोलण्याला गुण लावायला मात्र आमचा विरोध आहे.

आधी तो स्कोर बनतो कसा ते पाहू. सायटेशन्स, म्हणजे इतर निबंधांनी घेतलेले संदर्भ, जमायला वर्षे लागतात आणि इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे अशा संदर्भांची सरासरी, नियतकालिकाची असते, निबंधाची नव्हे. या दोन जुन्या तक्रारींवर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये जेसन प्रीम आणि तीन सहकाऱ्यांनी ‘ऑल्टमेट्रिक्स’चा जाहीरनामा मांडला. वेबवर निबंधाचे काय होते, तो कोण वाचते, जपून ठेवते, चर्चेत आणते, याची नोंद घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ऑल्टमेट्रिक ही कंपनी निघाली आणि निबंधाशेजारी दिसणारे ते रंगीत वलय तिने लोकप्रिय केले. वलयाच्या मधला आकडा म्हणजे वेगवेगळ्या उल्लेखांची भारित बेरीज. कंपनीच्या तक्त्यात बातमीचे मूळ वजन ८, ब्लॉगचे ५, धोरण-दस्तऐवज, पेटंट आणि विकिपीडियाचे प्रत्येकी ३, फेसबुकच्या सार्वजनिक पानावरील पोस्टचे पाव. ट्वीटचे वजन आधी १ होते, नंतर तेही पावावर आले. विकिपीडियाच्या एका लेखात उल्लेख असो की दहा लेखांत, गुण तीनच. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या साधनावर किती वाचकांनी निबंध साठवला हे पानावर दिसते, पण स्कोरमध्ये त्याचे वजन शून्य. गंमत अशी की या सगळ्या खुणांपैकी सायटेशन्सशी त्यातल्या त्यात बरा संबंध मेंडेलीच्या वाचकसंख्येचाच आढळत आला आहे. ट्वीट्सचा फारच क्षीण.

आता हिशेब करून पाहा. समजा, मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या भूजलावरील निबंधाचा एका धोरण-अहवालात आधार घेतला गेला आणि त्यावर सहा ट्वीट्स आली : ३ अधिक दीड, म्हणजे साडेचार; वर पूर्ण करून ५. दुसऱ्या एका निबंधाचे शीर्षक चटपटीत होते, तीन संकेतस्थळांनी बातमी केली आणि साठ जणांनी ट्वीट केले : २४ अधिक १५, म्हणजे ३९. बातमीच्या वजनात संकेतस्थळाच्या आवाक्याप्रमाणे थोडा फरक पडतो, पण चित्र हेच राहते. पदोन्नतीच्या छाननी समितीसमोर ५ आणि ३९ हे दोनच आकडे ठेवले तर समिती काय ठरवणार? हा स्कोर गुणवत्तेचे माप नाही, असे खुद्द कंपनीच सांगते. तो लक्ष वेधल्याचे माप आहे, म्हणून तर नावात ‘अटेन्शन’ हा शब्द आहे.

आणि लक्ष कशाने वेधले जाते? ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील संशोधकांचा एक प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा निबंध) बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर आला. नव्या कोरोना विषाणूच्या काट्यांतील काही तुकडे एचआयव्हीतील तुकड्यांशी ‘विलक्षण’ जुळतात, असा त्याचा दावा होता. इतके छोटे तुकडे योगायोगाने कितीतरी जीवांत सापडतात, हे जगभरच्या जाणकारांनी लगोलग दाखवून दिले आणि दोन-तीन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. पण त्याचा लक्षवेध-स्कोर त्या काळातल्या सर्वोच्च प्रीप्रिंट्समध्ये गणला गेला. टीका करणारी प्रत्येक पोस्टही त्यात भरच घालत होती. त्याच वर्षी मे महिन्यात लॅन्सेटमध्ये आलेला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा निबंध जून उजाडताच मागे घेतला गेला, कारण त्यामागची सर्जिस्फिअर कंपनीची माहिती तपासायला मिळेना. त्याचाही स्कोर प्रचंड. स्कोरच्या हिशेबात कौतुक आणि खरडपट्टी सारखीच, दोन्हीचे वजन तेच. मागे घेतलेल्या निबंधाचा स्कोर कुणी अर्जात लिहिला तर कारकून तो जसाच्या तसा बेरजेत धरेल.

आपल्याकडे याहून मोठी अडचण भाषेची आहे, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही.

ऑल्टमेट्रिकसारखी यंत्रणा एखादा उल्लेख पकडते तो मुख्यतः दुव्यावरून. पोस्टमध्ये किंवा बातमीत निबंधाचा दुवा असेल तर ती त्या पानावर जाते, तिथली डीओआयची (निबंधाच्या कायमस्वरूपी ओळख-क्रमांकाची) खूण वाचते आणि नोंद करते. दुवा नसेल तर बातमीच्या मजकुरातून लेखकाचे नाव, नियतकालिक आणि तारीख जुळवून पाहते, पण ही सोय इंग्रजी मजकुरापुरती. मराठी वर्तमानपत्रात शास्त्रीय बातमी आली तर दुवा बहुधा नसतोच. ‘अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार’ एवढ्यावर वाक्य संपते. म्हणजे पाऊण पान लेख आला, गावोगावी वाचला गेला, तरी स्कोर शून्य. विकिपीडियाचेही तेच : वर्षानुवर्षे मोजणी होत राहिली ती मुख्यतः इंग्रजी विकिपीडियाची. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यात एखाद्या प्राध्यापकाने घाटातल्या बेडकांवर संदर्भांसह भरीव लेख लिहिला तर या हिशेबात त्याची किंमत काही नाही. मराठी विश्वकोशातील नोंद, आकाशवाणीवरचे भाषण, कृषी विज्ञान केंद्राने वाटलेली घडीपत्रिका, शिक्षक प्रशिक्षणातले सत्र, यांपैकी काहीच धरले जात नाही. आणि आपल्याकडे मजकूर सर्वांत जास्त ज्या मार्गाने फिरतो ते व्हॉट्सॲप तर बाहेरच्या कुठल्याही यंत्रणेला दिसतच नाही, कारण तिथले संदेश कूटबद्ध असतात.

परिणाम काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. रकाना आला की जो शिक्षक आज ऊस उत्पादकांसाठी मराठीत लिहितो तो उद्या इंग्रजीत ट्वीट करू लागेल. भारतीय भाषांतल्या कामाला मान देण्यासाठी काढलेला नियम भारतीय भाषांतलेच काम मारेल.

आकडा टिकाऊ तरी आहे का? तेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या माहितीचा फुकट पुरवठा बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेने आपल्या नोंदींतून ट्विटरची माहिती काढून टाकली. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद पडले. लिंक्डइनची मोजणी एका टप्प्यावर थांबली. ब्लूस्काय डिसेंबर २०२४ पासून मोजणीत आले. लोकांनी खाती बंद केली, पोस्टी पुसल्या की जुन्या निबंधाचा स्कोर खालीही येतो. कॅसच्या (शिक्षकांच्या पदोन्नती योजनेच्या) अर्जात मूल्यमापनाचा काळ काही वर्षांचा असतो. २०२१ चा निबंध आणि २०२५ चा निबंध या दोघांचे स्कोर वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेले आहेत. त्यांची बेरीज करणे म्हणजे मीटर आणि हात एकत्र मिळवण्यासारखे आहे. रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळाचा ‘आरजी स्कोर’ तर काही जण आपल्या परिचयपत्रात अभिमानाने छापत. त्याचे गणित कंपनीने कधी पूर्ण उघड केले नाही, प्रश्नोत्तरे करूनही तो वाढवता येई, आणि २०२२ मध्ये कंपनीनेच तो रद्द केला. ज्यांनी त्यावर धोरण बांधले असेल त्यांच्या हाती काय उरले?

‘पण ट्वीट केल्याने सायटेशन्स वाढतात, मग प्रोत्साहन द्यायला काय हरकत?’ असा युक्तिवाद बैठकीत हमखास होतो. याचा पुरावा संमिश्र आहे. छातीच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकांतील ११२ निबंधांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ट्वीट केलेल्या निबंधांना वर्षभरात सरासरी ३.१ सायटेशन्स अधिक मिळाली, न केलेल्यांना ०.७. तो आकडा सगळीकडे फिरला. मात्र २०२४ मध्ये प्लॉस वनमध्ये आलेला मोठा प्रयोग कमी जणांना माहीत आहे. त्यात ११ संशोधकांनी ५५० निबंध घेतले, यदृच्छेने निवडलेले ११० ट्वीट केले आणि बाकीच्यांशी तुलना केली. ट्वीट केलेल्यांचे डाउनलोड वाढले, पण तीन वर्षांनंतर सायटेशन्समध्ये ठामपणे सांगता येईल असा फरक आढळला नाही. तेव्हा समाजमाध्यमांवर वाचक मिळतात एवढे खरे धरावे. तेही कमी नाही. पण ‘प्रभाव’ वाढतो असे परिपत्रकात लिहू नये.

फॉलोअर्सच्या आकड्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही. तो खात्याचा असतो, संशोधनाचा नव्हे; क्रिकेटवर मार्मिक लिहिणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे फॉलोअर्स क्रिकेटचे असतात. २०१४ मध्ये नील हॉल या जीवशास्त्रज्ञाने यावर थट्टेने एक ‘कार्दाशियन निर्देशांक’च काढला होता : सायटेशन्सचा ०.३२ वा घात काढा, त्याला ४३.३ ने गुणा, म्हणजे ‘असायला हवेत तेवढे’ फॉलोअर्स मिळतात. हजार सायटेशन्सना सुमारे ३९५. प्रत्यक्ष फॉलोअर्स त्याच्या पाचपटीहून जास्त असतील तर माणूस कामापेक्षा नावाने मोठा. ही थट्टा होती हे विसरून कुणी हे सूत्र एक्सेलमध्ये घालू नये, म्हणूनच इथे नमूद केले.

आता सर्वांत महत्त्वाचे. आकडा अर्जात आला की तो बाजारात येतो, हे आपण याच राज्यात बसून पाहिले आहे. २०१० नंतर एपीआयसाठी निबंधांची संख्या लागू लागली आणि पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, तीत विद्यापीठांच्या शिफारशीने हजारो नावे आली. पुण्यातील संशोधकांनी त्या शिफारशींच्या गटातल्या नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांत बसेनात. हा अभ्यास २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, नोव्हेंबरमध्ये केअर या नव्या, छाननी केलेल्या यादीची घोषणा केली, तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालला आणि २०२५ मध्ये ती यादीही मोडीत निघाली. नियतकालिक काढायला निदान आयएसएसएन क्रमांक, संपादक मंडळाची नावे आणि एखादे संकेतस्थळ लागे. फॉलोअर्स विकत घ्यायला मोबाईल पुरतो. ‘तू माझे शेअर कर, मी तुझे करतो’ असा गट व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत निघतो. संगणक प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बसवून मेंडेलीची चाळीस खाती उघडायला एक तास लागतो. शिवाय कोणत्याही मानवी हाताशिवाय ट्वीट करणारी स्वयंचलित खाती आहेतच. यातले काही पकडायचे म्हटले तर छाननी समितीला एकेक खाते उघडून पाहावे लागेल. तेवढा वेळ त्या समितीकडे नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणखी एक विसंगती नजरेस आणून देतो. जुलै २०१९ मध्ये तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेला एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमायला सांगितले. आठवड्याला किमान एक चांगली बातमी संस्थेच्या खात्यावर टाकायची. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर सूचना काढल्या : वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका. शासकीय महाविद्यालयातील पाणी, आरोग्य किंवा शेती या विषयांच्या अभ्यासकाने मग लिहायचे काय? लिहिले तर शिस्तभंगाची टांगती तलवार, न लिहिले तर अर्जातले गुण गेले. जातीवर, लिंगभावावर, इतिहासावर काम करणाऱ्यांना, त्यातही स्त्रियांना, खाते उघडताच ज्या भाषेला तोंड द्यावे लागते ते वेगळेच. खाते न ठेवणे हा त्यांचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो आणि त्याची शिक्षा पदोन्नतीत मिळता कामा नये. अर्जात वैयक्तिक खात्याचे नाव विचारणेही बंद करावे.

मग करायचे काय? पुढचा भाग लांबला आहे, पण मुद्दा इथेच आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. पाटील, जाधव, कुलकर्णी या आडनावांच्या ‘एस. आर.’ आद्याक्षरांच्या व्यक्ती स्कोपस या निबंधसूचीत कितीतरी. एकाचे निबंध दुसऱ्याच्या नावावर जाणे रोजचे. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की अक्षर, लग्नानंतर बदललेले नाव, याने एकाच व्यक्तीची तीन प्रोफाइल्स होतात. म्हणून प्रत्येक शिक्षकाचा आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याचा ऑर्किड (संशोधकाची कायमची ओळख देणारा) क्रमांक असावा. सोळा अंकी, शेवटी कधी एक्स हे अक्षर येते, ते चूक नसून तपासणी-अंक आहे. नोंदणी करताना संस्थेच्या ईमेलसोबत खासगी ईमेलही द्यायला सांगा, नाहीतर नोकरी बदलल्यावर खाते उघडत नाही आणि माणूस दुसरा क्रमांक काढतो. दोन क्रमांक झालेच तर ते जोडून एक निष्क्रिय करण्याची सोय ऑर्किडवरच आहे. ‘इतर नावे’ या जागी लग्नापूर्वीचे नाव आणि देवनागरीतले नाव घालावे. क्रॉसरेफला एकदा परवानगी दिली की नवे निबंध आपोआप येतात, मात्र निबंध पाठवतानाच ऑर्किड दिलेला असेल तर. गूगल स्कॉलरवर ‘आपोआप भर घालू नका, आधी मला विचारा’ हा पर्याय निवडायला लावा. निम्मा घोळ तिथेच मिटतो. ‘विद्वान’ आणि ‘आयरिन्स’ या संशोधक-माहितीच्या संकेतस्थळांवरची पाने यानंतर भरावीत, आधी नव्हे, कारण चुकीची यादी तिथे एकदा गेली की ती तशीच एक्यूएआरमध्ये (वार्षिक गुणवत्ता अहवालात) उतरते.

दुसरी गोष्ट दुव्याची. निबंध शेअर करताना डीओआयचा दुवा द्यावा, एवढे शिक्षकांना शिकवले तरी पुष्कळ. प्रत्यक्षात काय होते? शिक्षक घरून ग्रंथालयाच्या रिमोट ॲक्सेसमधून निबंध उघडतो, वरच्या पट्टीतला पत्ता उचलतो आणि फेसबुकवर टाकतो. त्या पत्त्यात संस्थेचे नाव घुसलेले असते. वाचकाला लॉगिनचे पान दिसते आणि मोजणी यंत्रणेला निबंध सापडत नाही. गूगल ड्राइव्हवरची पीडीएफ, पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट, रिसर्चगेटचा दुवा, यांतही कमी-अधिक हाच प्रकार. मराठी वर्तमानपत्रात लेख लिहिणाऱ्यांनी शेवटच्या ओळीत मूळ निबंधाचा डीओआय द्यावा आणि ऑनलाइन आवृत्तीत तो चालू दुवा म्हणून ठेवण्याची विनंती संपादकांना करावी. संपादक सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेले नसते.

तिसरी गोष्ट मराठी लेखनाला स्वतःचा डीओआय देण्याची. महाविद्यालयाच्या नियतकालिकाला क्रॉसरेफचे सदस्यत्व परवडत नसेल (लहान प्रकाशकांसाठी वार्षिक वर्गणी बरीच वर्षे २७५ डॉलर आणि नव्या लेखामागे १ डॉलर अशी होती) तर सर्न संस्थेचे झेनोडो हे भांडार फुकट डीओआय देते. तिथे अहवाल, माहितीसंच, भाषणाची टिपणे, घडीपत्रिका ठेवता येतात. भाषेच्या जागी मराठी निवडा, शीर्षक देवनागरीत द्या आणि इंग्रजी भाषांतर जोडीला द्या, नाहीतर शोधात सापडणार नाही. एक खोच लक्षात ठेवावी : झेनोडो प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय देते आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईक देते. छापताना सामाईक द्यावा, अन्यथा उल्लेख विखुरतात. आणि वर्तमानपत्राच्या पानाची पीडीएफ तिथे चढवू नये. तो हक्क बहुतेकदा आपला नसतो.

चौथी आणि खरी गोष्ट पुराव्याच्या नोंदीची. अर्जात रकाना हवाच असेल तर असा ठेवा : ‘मूल्यमापनाच्या काळात आपल्या संशोधनाचा विद्यापीठाबाहेर झालेला वापर, जास्तीत जास्त तीन नोंदी, प्रत्येकी शंभर शब्द.’ प्रत्येक नोंदीत निबंधाचा डीओआय, वापरणारी संस्था, तारीख, वापराचे स्वरूप आणि पुराव्याचा दुवा. दुव्यासोबत त्या पानाची वेबॅक मशीन या वेब-संग्रहात जतन केलेली प्रत जोडायला सांगा. सरकारी आणि वृत्तपत्रांची पाने कधी हलतील याचा नेम नसतो. उल्लेख झाला, वापर झाला आणि त्यातून काही बदलले, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोणती घडली हे शिक्षकाने स्पष्ट लिहावे. शासकीय समितीच्या अहवालाच्या संदर्भसूचीत नाव येणे हा उल्लेख. त्या अहवालातील तक्ता निबंधातून घेतलेला असणे हा वापर. त्यावरून शासन निर्णय निघणे हा बदल, आणि तो दुर्मीळच असतो, तेव्हा सगळ्यांनी तोच दाखवावा अशी अपेक्षा ठेवू नका.

शासन निर्णयांबाबत थोडे जास्त. धोरण-दस्तऐवजांतील उल्लेख शोधणारी ओव्हरटनसारखी सेवा आता आहे, पण मराठी शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत ‘तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार’ एवढेच असते आणि निबंधाचे नाव असलेच तर समितीच्या अहवालाच्या परिशिष्टात. कितीतरी जुने दस्तऐवज स्कॅन करून चढवलेले किंवा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले आहेत. त्यांत यांत्रिक शोध चालत नाही. म्हणून शिक्षकाने शासन निर्णयाचा सांकेतांक, दिनांक, अहवालाचे नाव आणि पान क्रमांक हाताने नोंदवावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण पडताळणीला दहा मिनिटे लागतात.

एक पळवाट मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. ‘आपल्या संशोधनाचा आम्हाला फार उपयोग झाला’ अशी आभारपत्रे संस्थांच्या लेटरहेडवर सर्रास मिळतात. कार्यशाळा झाली की पत्र तयार. ती पुरावा म्हणून धरू नयेत. ज्याने संशोधन वापरले त्याने स्वतःच्या कामासाठी तयार केलेला दस्तऐवज हवा : मार्गदर्शक पुस्तिका, पाठ्यपुस्तकातला धडा, न्यायालयाचा निकाल, नगरपालिकेचा आराखडा, संग्रहालयातील फलक. तो अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा.

हे सगळे आकड्याशिवाय चालेल का? बरेचसे चालेल. ऑल्टमेट्रिक किंवा प्लमएक्स या तशाच दुसऱ्या सेवेचे पान शिक्षकाने शोधाची सुरुवात म्हणून जरूर उघडावे : कोणत्या अहवालात, कोणत्या ब्लॉगवर आपले नाव आले हे तिथे कळते. प्लमएक्स एकच बेरीज दाखवत नाही, वापर, साठवण, उल्लेख, समाजमाध्यमे आणि सायटेशन्स असे पाच गट वेगळे ठेवते, तेवढ्यापुरते ते अधिक प्रामाणिक. आकडा निरीक्षणाला वापरा, गुणांना नको. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीचे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा (२०१३) आणि लायडन जाहीरनामा (२०१५) यांचाही सूर हाच आहे. आपल्यापैकी ज्या संस्थांनी त्यांतील पहिल्यावर सही केली असेल त्यांनी आपले अर्ज एकदा काढून त्याच्याशी ताडून पाहावेत.

ग्रंथालयाच्या माणसाबद्दल लिहिले आहे ते गंभीरपणे घ्यावे. नोंदी तपासणे, प्रोफाइल्स दुरुस्त करणे, झेनोडोवर चढवणे हे काम विभागातल्या सर्वांत कनिष्ठ सहायक प्राध्यापकावर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून टाकले जाते, आणि ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरकले जाते. त्यासाठी पूर्ण वेळ पद मिळणार नसेल तर निदान एका सहायक ग्रंथपालाचे ठरावीक दिवस लेखी आदेशाने राखून द्या. आदेश लेखी हवा, नाहीतर परीक्षेच्या काळात तो माणूस पर्यवेक्षणाला जातो.

अर्जाचे नवे नमुने छपाईला जाण्यापूर्वी हे पत्र आपल्या समितीपुढे ठेवावे. एखाद्या विद्यापीठात फॉलोअर्सचा किंवा स्कोरचा रकाना आधीच छापला गेला असेल, तर तो ऐच्छिक असल्याचे शुद्धिपत्रक काढावे आणि रिकाम्या रकान्याला शून्य न धरता तो बेरजेतून वगळावा, अशी स्पष्ट सूचना छाननी समितीला द्यावी.

आपले,
ग्रंथालय व संशोधन-मापन क्षेत्रात काम करणारे काही जण